फुरसतीचे तास कोणाचे?
भिलाईची तरुण पिढी आणि मोबाईलचा पडदा

भिलाई पोलाद नगरीतील सेक्टर १० गेली कित्येक वर्षे तेथील शाळेमुळे ओळखला जातो. पोलाद कारखान्याच्या या उच्च माध्यमिक शाळेतून आयआयटी आणि इतर नामांकित अभियांत्रिकी संस्थांत गेलेल्या विद्यार्थ्यांनी कामगारांच्या वसाहतीला देशाच्या शैक्षणिक नकाशावर स्थान मिळवून दिले. झोतभट्टीवर, कोक ओव्हनवर, रेल मिलमध्ये पाळ्या करणाऱ्या कामगाराचे मूल अभियंता होऊ शकते, हे भिलाईने प्रत्यक्षात करून दाखविले.

२०२३ साली याच नगरीचे नाव निराळ्या कारणाने देशभर गाजले. ‘महादेव बुक’ या ऑनलाईन सट्ट्याच्या जाळ्याचा तपास करताना अंमलबजावणी संचालनालयाने असे जाहीर केले की, त्यातील मुख्य आरोपी मूळचे भिलाईचे असून ते दुबईत बसून कारभार चालवीत होते, आणि या व्यवहारातील गैरमार्गाच्या पैशाचा आकडा सुमारे ६,००० कोटी रुपयांच्या घरात जातो. आरोपींचा दोष ठरविणे हे न्यायालयाचे काम आहे. परंतु एक गोष्ट समजून घेण्यासाठी त्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. ज्या यंत्रावर सेक्टर १० चा विद्यार्थी गणिताचे धडे गिरवतो, त्याच यंत्रावर त्याच्याच वस्तीतला दुसरा तरुण बापाचा पगार डावावर लावू शकतो.

तरुण पिढीचे डिजिटल साधनांशी असलेले नाते निकोप कसे होईल, हा प्रश्न त्यामुळे कामगार वस्त्यांत आज घरोघरी उभा आहे. त्याची चर्चा मात्र बहुधा चुकीच्या ठिकाणी सुरू होते. मुलांना वळण नाही, आईबापांचे लक्ष नाही, नवी पिढी आळशी निघाली, अशा तक्रारींत ती अडकून पडते. मूळ प्रश्न वेळेचा आहे. शाळा, अभ्यास आणि झोप यांतून उरणारे मुलांचे तास आज कोणाच्या ताब्यात गेले आहेत आणि ते परत कसे मिळवावयाचे, हा तो प्रश्न होय.

लढून मिळविलेली फुरसत

फुरसतीचा वेळ कामगाराला कोणी दान दिलेला नाही. मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुटी मिळावी म्हणून नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून सभा, अर्ज आणि संघटना यांच्या मार्गाने झुंज दिली. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांना ती मागणी मान्य करावी लागली. त्याआधी चार वर्षे, १८८६ च्या मे महिन्यात, शिकागोच्या कामगारांनी आठ तासांच्या दिवसासाठी रक्त सांडले होते. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने प्रौढ कामगाराला आठवड्यास ४८ तासांची मर्यादा घालून दिली. श्रमानंतर उरणारा वेळ हा विश्रांतीचा, शिक्षणाचा, संसाराचा आणि सार्वजनिक कार्याचा आहे, त्यावर मालकाचा हक्क नाही, हे तत्त्व या लढ्यांनी प्रस्थापित केले.

भिलाईच्या उभारणीत या तत्त्वाला काही अंशी मूर्त रूप मिळाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला, तेव्हा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्या जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. हावडा-मुंबई लोहमार्गाने विदर्भातून आलेली मराठी कुटुंबे आंध्र, केरळ, बंगाल, बिहार आणि पंजाब येथील कामगारांच्या शेजारी राहू लागली. कारखान्यालगत आखलेल्या सेक्टरांत निवासस्थानांबरोबर शाळा, बाजार आणि मैदाने यांची योजना झाली. भारत-सोव्हिएत मैत्रीचे प्रतीक म्हणून १९७२ मध्ये मैत्री बाग उभी राहिली. पाळी संपवून आलेला कामगार आणि शाळा सुटलेले मूल, दोघांनाही संध्याकाळी जावयास जागा होती. ती जागा सार्वजनिक होती आणि तिच्यासाठी कोणी पैसे मागत नव्हते.

ही घडी १९९१ नंतरच्या काळात विस्कटत गेली. कायम कामगारांची संख्या घटत गेली आणि तेच काम कंत्राटी कामगारांकडून करवून घेण्याचे प्रमाण वाढले. कारखान्याने चालविलेल्या अनेक शाळा बंद झाल्या. सेक्टरांच्या आखीव रस्त्यांबाहेर खुर्सीपार, कॅम्प, सुपेला यांसारख्या दाट वस्त्यांत राहणाऱ्या कामगाराच्या मुलाला ना तशी शाळा मिळाली, ना मैदान. सेक्टरमधील मुलाचा दिवसही शाळा आणि शिकवणी वर्ग यांमध्ये वाटला गेला. घरात रात्रपाळी करून आलेला माणूस दिवसा झोपलेला असतो. दोन खोल्यांत आवाज न करता मुलाने वेळ घालवावा, तर त्याच्या हाती मोबाईल देण्यावाचून दुसरा उपाय घरच्यांना सुचत नाही. २०२० च्या महामारीत शाळांची दारे बंद झाली आणि वर्गच मोबाईलवर भरू लागला, तेव्हा या सवयीला शाळेची मान्यताही मिळाली. मोबाईलने मुलांना मैदानावरून ओढून नेले, असे म्हटले जाते. परंतु बऱ्याच ठिकाणी मैदान, वाचनालय आणि मोकळा वेळ आधीच हिरावून घेतला गेला होता, आणि त्या रिकाम्या जागेत मोबाईल येऊन बसला.

लक्ष हाच कच्चा माल

या रिकाम्या जागेत जो आला तो कोणी निरुपद्रवी पाहुणा नव्हे. समाजमाध्यमांच्या कंपन्या आपली सेवा फुकट देतात. तरीही २०२४ या एका वर्षात फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअ‍ॅप यांची मालक असलेल्या मेटा कंपनीचे उत्पन्न सुमारे १६४ अब्ज डॉलर होते, आणि त्यातील ९७ टक्क्यांहून अधिक जाहिरातींतून आले. जाहिरातदाराला विकली जाते ती वस्तू म्हणजे पडद्याकडे पाहणाऱ्या माणसाचे लक्ष. ते जितका वेळ खिळून राहील तितक्या जाहिराती दाखविता येतात, आणि माणूस काय पाहतो, कोठे थांबतो याची जितकी बारीक नोंद ठेवता येईल तितकी जाहिरातीला किंमत अधिक येते. कारखान्यात मालक कामाचे तास वाढवून नफा वाढवू पाहत असे. येथे फुरसतीचे तास व्यापून तो वाढविला जातो.

खिळवून ठेवण्याची ही कला योगायोगाने साधलेली नाही. पान कधी संपतच नाही, एक चित्रफीत संपताच दुसरी आपोआप सुरू होते, थोड्या थोड्या वेळाने सूचनेची घंटा वाजते, पसंतीचे आकडे वाढताना दिसतात, रोज हजेरी लावली नाही तर साखळी तुटल्याचे सांगितले जाते. या प्रत्येक युक्तीमागे तज्ज्ञ अभियंते आणि मानसशास्त्राचा अभ्यास आहे. फेसबुकचे पहिले अध्यक्ष शॉन पार्कर यांनी २०१७ मध्ये स्वतःच उघडपणे सांगितले की, माणसाच्या मनाच्या एका दुबळेपणाचा फायदा घेण्यासाठी ही रचना जाणूनबुजून केली गेली. २०२१ मध्ये फ्रान्सिस हॉगन या माजी कर्मचारी महिलेने उघड केलेल्या कागदपत्रांतून असे दिसले की, इन्स्टाग्राममुळे अनेक किशोरवयीन मुलींच्या मनात स्वतःच्या शरीराविषयी न्यूनगंड वाढतो, हे कंपनीच्या अंतर्गत पाहणीतच आढळले होते.

अशा यंत्रणेसमोर तेरा-चौदा वर्षांच्या मुलाला एकट्याने उभे करून ‘मन आवर’ असे सांगणे म्हणजे लढाई सुरू होण्यापूर्वीच ती हरल्यासारखे आहे. ग्रामीण भारतातील शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’ अहवालाने २०२४ साली नोंदविले की, १४ ते १६ वयोगटातील ८२ टक्क्यांहून अधिक मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शैक्षणिक कामासाठी तो वापरणारी ५७ टक्के, तर समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के होती. ही खेड्यांतील आकडेवारी आहे. औद्योगिक नगरांत पडद्याचा शिरकाव त्याहून कमी असेल, असे मानण्यास आधार नाही.

म्हणून यंत्राचा द्वेष करावयाचा काय? मुळीच नाही. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी इंग्लंडमधील विणकरांनी यंत्रे फोडली. यंत्र आणि यंत्राचा भांडवली वापर या दोन गोष्टी निराळ्या आहेत, हे कामगारवर्गाला अनुभवाने उमगत गेले, असे मार्क्सने नमूद करून ठेवले आहे. देशाच्या रेल्वेला रूळ पुरविणाऱ्या भिलाईने तर यंत्रविद्या आत्मसात करूनच स्वतःला घडविले. येथील अभियंते आणि कामगार सोव्हिएत तज्ज्ञांकडून शिकले, भट्ट्या स्वतः चालवू लागले, दुरुस्त करू लागले. डिजिटल साधनांशी तरुणांचे नातेही असेच असले पाहिजे: साधन समजून घेणाऱ्याचे, ते वापरून काही घडविणाऱ्याचे. आज बहुसंख्य मुलांच्या वाट्याला यातले काही येत नाही.

सट्ट्याने शिकविलेला धडा

नाते बिघडण्याची शेवटची पायरी कोणती, हे महादेव बुक प्रकरणाने दाखवून दिले. अंमलबजावणी संचालनालयाच्या म्हणण्यानुसार या जाळ्याचा कारभार ‘पॅनेल’ नावाच्या शाखांमार्फत चाले. ओळखीच्या माणसांना शाखा द्यावयाची आणि नफा ७० आणि ३० टक्के या प्रमाणात वाटून घ्यावयाचा. ग्राहकांशी संपर्क व्हॉट्सअ‍ॅपवरून आणि पैशाची ने-आण इतरांच्या नावावरील बँक खात्यांतून. अशा व्यवहाराला माणसे लागतात: फोन उचलणारी, हिशेब ठेवणारी, खाते वापरावयास देणारी. नोकरीच्या शोधात असलेला तरुण त्यांना जवळच सापडतो. म्हणजे डिजिटल सट्टा बेकार तरुणाला दोन्हीकडून गिळतो. एकाला तो ग्राहक बनवून कर्जात ढकलतो आणि दुसऱ्याला चाकरीस लावून पोलिसांच्या दारात उभा करतो. दुबईतील मालकापर्यंत कायद्याचा हात पोचण्यास वर्षे लागतात, पण खाते ज्याच्या नावावर आहे तो मात्र लगेच सापडतो.

५ नोव्हेंबर २०२३ रोजी केंद्र सरकारने महादेव बुकसह २२ सट्टा ॲप आणि संकेतस्थळे बंद करण्याचे आदेश दिले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या सर्व ऑनलाईन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला. असे खेळ चालविणाऱ्यांस तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड अशी शिक्षा त्यात आहे, आणि खेळणाऱ्याला गुन्हेगार न मानण्याचे धोरण स्वीकारले आहे. या खेळांत सुमारे ४५ कोटी लोक होरपळले आणि २०,००० कोटी रुपयांहून अधिक गमावून बसले, असा अंदाज त्या वेळी सरकारनेच सांगितला. कायदा स्वागतार्ह आहे, परंतु तो फार उशिरा आला. तोपर्यंत याच खेळांच्या जाहिराती क्रिकेटपटूंच्या अंगावरील सदऱ्यांवर झळकत होत्या आणि ऑक्टोबर २०२३ पासून सरकार त्यांच्यावर २८ टक्के वस्तू व सेवा कर वसूल करीत होते.

शिवाय एका नावावर बंदी घातली म्हणून धंद्याची रीत बदलत नाही. २९ जून २०२० रोजी टिकटॉकवर बंदी आली. ८ जुलै रोजी इन्स्टाग्रामने त्याच घडणीच्या ‘रील्स’ भारतात सुरू केल्या. मधल्या दहा दिवसांत मुलांची सवय सुटली नाही, तिचा मालक तेवढा बदलला.

दटावणी आणि बंदी यांच्या मर्यादा

घरोघरी आज जो उपाय चालतो तो दटावणीचा. मोबाईल हिसकावून घ्यावा, कुलपात ठेवावा, शेजारच्या मुलाचे उदाहरण द्यावे. त्याने मूल पडद्यापासून दूर होण्याऐवजी आईबापांपासून दूर होते, आणि सट्ट्यात वा फसवणुकीत सापडले तर ते प्रथम घरच्यांपासूनच लपविते. ज्या घरात वडील जेवताना चित्रफिती पाहतात, आणि ज्या संघटनेत कार्यकर्ते बैठक चालू असता मान खाली घालून पडदा चाळतात, तेथील उपदेशाला वजन राहत नाही, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

काही ठिकाणी गावांनी बंदीचा मार्ग पत्करला. यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यातील बान्सी ग्रामपंचायतीने नोव्हेंबर २०२२ मध्ये अठरा वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. गावाची कळकळ खरी होती. परंतु अशा मनाईत सारा भार मुलावर पडतो. त्यातही पहिली गदा येते ती मुलींवर. ‘असर’च्याच पाहणीत, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १६ वयाच्या मुलांपैकी ३६ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी केवळ २७ टक्क्यांकडे. मुलीला आधीच कमी मिळणारे साधन शिस्तीच्या नावाखाली काढून घेणे म्हणजे जुन्याच पहाऱ्याला नवे कारण देणे होय. तिला तक्रार करण्याची, अर्ज भरण्याची, शिकण्याची वाट याच साधनातून जाते.

परदेशांतील अनुभवही लक्षात घेण्यासारखा आहे. चीनने सप्टेंबर २०२१ पासून अल्पवयीनांना शुक्रवार, शनिवार, रविवार आणि सुटीच्या दिवशी रात्री आठ ते नऊ एवढाच वेळ ऑनलाईन खेळांसाठी देण्याचे बंधन खेळ चालविणाऱ्या कंपन्यांवर घातले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते उघडू न देण्याची जबाबदारी कंपन्यांवर टाकली. कसूर झाल्यास दंड कंपनीला आहे, मुलाला किंवा पालकाला नाही. वयाची मर्यादा किती असावी याविषयी मतभेद होऊ शकतात, परंतु जबाबदारी कोणावर टाकावयाची याबाबत या कायद्यांनी योग्य दिशा धरली आहे. तथापि कायदा मुलाला पडद्यापासून बाजूला करू शकतो, त्याच्यासाठी मैदान आखू शकत नाही. ते काम समाजालाच करावे लागते.

दोन अनुभव

ते कसे करता येते याचे एक उदाहरण महाराष्ट्रातच आहे. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव हे सुमारे तीन हजार वस्तीचे गाव. २०२२ च्या स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास गावातील स्त्रियांच्या सभेत निर्णय झाला की, रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजेल आणि साडेआठपर्यंत गावातील दूरदर्शन संच आणि मोबाईल बंद राहतील. त्या दीड तासात मुलांनी अभ्यास आणि वाचन करावे, मोठ्यांनी आपसांत बोलावे. आशा सेविका, अंगणवाडी सेविका, ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले आणि लोकांना पटवून दिले. गिरणीचा भोंगा कामगाराला कामावर बोलावीत असे. या गावाने भोंगा वाजविला तो माणसांना एकमेकांकडे बोलावण्यासाठी.

या प्रयोगाची ताकद त्याच्या सामुदायिकतेत आहे. एका घराने मोबाईल बंद ठेवला तर ते मूल सवंगड्यांत एकटे पडते. साऱ्या गावाने एकाच वेळी ठेवला तर कोणाचेच काही चुकत नाही. शिवाय नियम लहानमोठ्यांना सारखा होता, आणि त्याचा पाया दंडावर नव्हे, समजावणीवर होता. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने १९४० च्या दशकात याच मुलखात दारूबंदी, कमी खर्चाची लग्ने आणि वाचनालये यांची चळवळ चालविली होती. सामाजिक व्यसनाला सामुदायिक निर्णयाने तोंड देण्याची परंपरा तेथे नवी नाही.

दुसरा अनुभव भिलाईच्या अधिक जवळचा आहे. भिलाईच्या भट्ट्यांना लोहखनिज पुरविणाऱ्या दल्ली राजहराच्या खाणींत १९७७ मध्ये शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाची स्थापना झाली. कंत्राटी खाण कामगारांनी लढून, गोळीबारात माणसे गमावून, मजुरी वाढवून घेतली. लवकरच असे दिसून आले की, वाढलेली मजुरी दारूच्या गुत्त्यावर चालली आहे आणि लढ्याचे फळ दारूचा ठेकेदार खातो आहे. युनियनने दारू हा ज्याचा त्याचा खाजगी दोष न मानता संघटनेचा प्रश्न मानला. वस्तीवस्तीत चर्चा झाल्या, स्त्रिया पुढे आल्या आणि महिला मुक्ती मोर्चाच्या रूपाने संघटित झाल्या. नुसती दारू सोडण्याची शपथ देऊन युनियन थांबली नाही. तिने शाळा काढल्या, सांस्कृतिक कार्यक्रम सुरू केले, आणि ३ जून १९८३ रोजी कामगारांच्या वर्गणीतून शहीद रुग्णालय उभे केले. नियोगींच्या राजकीय भूमिकेविषयी डाव्या चळवळीत मतभेद होते. परंतु व्यसनाविरुद्धचा हा अनुभव साऱ्या चळवळीची शिदोरी आहे. दारूच्या ठेकेदारांचे आणि उद्योगपतींचे वैर पत्करणाऱ्या या नेत्याची २८ सप्टेंबर १९९१ रोजी भिलाईतच हत्या झाली.

दल्ली राजहराने मजुरीचे पैसे गुत्त्यावरून सोडवून आणले. आज तसेच मुलांचे तास पडद्यावरून सोडवून आणावयाचे आहेत. घेणारा बदलला आहे आणि लुटले जाणारे धनही बदलले आहे, पण तोडग्याची रीत तीच राहणार आहे.

वस्तीपासून सुरुवात

सेक्टर १० सारख्या वसाहतीत, आणि देशभर जेथे जेथे कामगार कुटुंबे राहतात तेथे, पुढील कामे हाती घेण्याजोगी आहेत.

१) वेळेचा सामुदायिक करार. ब्लॉकने किंवा गल्लीने एकत्र बसून दिवसातला एक ठरावीक काळ पडद्याविना घालविण्याचे ठरवावे. औद्योगिक नगरात दुसरी पाळी रात्री दहाला सुटते, तेव्हा वडगावचे वेळापत्रक जसेच्या तसे येथे चालणार नाही. प्रत्येक वस्तीने आपापल्या पाळ्या पाहून तास ठरवावा. मुलांना त्या बैठकीत बोलावे, त्यांचे म्हणणे ऐकावे. ज्या नियमाच्या घडणीत मुलाचा वाटा असतो तो त्याला जाच वाटत नाही. रात्री झोपण्याच्या खोलीत मोबाईल नसावा, एवढी एक गोष्ट मोठ्यांनीही पाळली तर तिचा परिणाम मोठा होतो.

२) जागेची मागणी. काढून घेतलेल्या वेळेला जावयास जागा नसेल तर तो पुन्हा पडद्याकडेच जाईल. शाळांची मैदाने संध्याकाळी वस्तीतील मुलांना खुली करावीत, बंद पडलेल्या शाळांच्या इमारतींत वाचनालये, तालमी आणि विज्ञान केंद्रे सुरू करावीत, अशी मागणी कामगार संघटनांनी व्यवस्थापनापुढे आणि नगरपालिकेपुढे ठेवावी. वेतन कराराच्या मागणीपत्रकात अशा मागणीला स्थान असणे गैर नाही. सेक्टरांबाहेरच्या कंत्राटी कामगारांच्या वस्त्यांना या सोयींत बरोबरीचा वाटा मिळाला पाहिजे.

३) साधनाचे शिक्षण. मोबाईल कसा वापरावा हे मुलांना शिकवावे लागत नाही. तो त्यांना कसा वापरतो हे शिकवावे लागते. पान का संपत नाही, पुढची चित्रफीत कोण निवडतो, फुकट खेळ कोणाच्या खर्चाने चालतो, सट्ट्याच्या गणितात शेवटी नेहमी चालविणाराच का जिंकतो, हे समजलेले मूल पडद्याकडे निराळ्या नजरेने पाहते. भिलाईत निवृत्त अभियंते आणि शिक्षक यांची वाण नाही. त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ दिली तर मुले संगणकावर काही घडवावयास शिकतील. परीक्षेच्या तयारीसाठी मोबाईल लागणाऱ्या विद्यार्थ्याला तो नाकारू नये. त्याने तो कामासाठी उचलावा आणि काम संपताच खाली ठेवावा, ही सवय गटागटाने अभ्यास करून अधिक सहज लागते.

४) आजाराला आजार मानणे. काही मुलांची अवस्था सवयीच्या पलीकडे गेलेली असते. खेळांच्या व्यसनाला जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या वर्गीकरणात स्थान दिले असून ते १ जानेवारी २०२२ पासून लागू आहे. बंगळूरच्या निमहान्स संस्थेने २०१४ मध्येच यासाठी स्वतंत्र सेवा सुरू केली. केरळात २०२३ पासून पोलीस दलाने डिजिटल व्यसनमुक्तीची केंद्रे उघडली. अशी सोय छत्तीसगड आणि महाराष्ट्र येथील जिल्हा रुग्णालयांत आणि कारखान्यांच्या इस्पितळांत झाली पाहिजे. तोवर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक, आणि आर्थिक फसवणुकीसाठी १९३० हा क्रमांक, प्रत्येक युनियन कार्यालयाच्या फलकावर असावा. कर्जात सापडलेल्या तरुणाला प्रथम आधार द्यावा, उपदेश नंतर.

५) कंपन्यांवर कायद्याचा लगाम. २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांच्या हालचालींवर पाळत ठेवण्यास आणि त्यांना हेरून जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. उल्लंघन झाल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि मुख्य तरतुदींना त्यानंतर अठरा महिन्यांची मुदत दिली गेली. या मनाईला सरकारी सवलतींच्या वाटा फुटू नयेत यासाठी जागरूक राहिले पाहिजे. त्यापुढे जाऊन न संपणारे पान, आपोआप सुरू होणाऱ्या चित्रफिती आणि रात्रीच्या सूचना मुलांच्या खात्यांवर मुळातच बंद असाव्यात, अशी मागणी केली पाहिजे.

या पाच कामांपैकी पहिल्या कामाला सरकारच्या परवानगीची गरज नाही, पैशाची नाही आणि तज्ज्ञाचीही नाही. एका ब्लॉकमधील दहा-बारा कुटुंबे एकत्र आली तर ते पुढच्या आठवड्यात सुरू होऊ शकते. परंतु ते तेथेच थांबले तर कोमेजून जाईल, कारण दीड तासाची शांतता संपताच तीच कंपनी, तीच बेकारी आणि तोच रिकामा रस्ता मुलासमोर उभा राहतो. घरातील करार, वस्तीतील मैदान आणि कायद्याची मागणी या तिन्ही गोष्टी एकमेकींच्या आधारानेच टिकतील.

रविवारची सुटी मागणाऱ्या गिरणी कामगारांना मालक सांगत की, अडाणी माणूस मोकळा वेळ दारूत आणि जुगारात घालवील, त्यापेक्षा तो कामावर बरा. कामगारांनी त्या वेळात शाळा, तालमी, कलापथके आणि संघटना उभ्या करून याला उत्तर दिले. आजच्या तरुणांविषयीही तसाच अविश्वास बोलून दाखविला जातो. त्यांना मोकळा वेळ, जावयास जागा आणि सोबतीला जाणती माणसे मिळाली, तर तेही तसेच उत्तर देतील. ती त्यांना मिळवून देणे हे मोठ्यांचे काम आहे.